बादली, थर्मामीटर आणि घड्याळ: घरासाठी इन्स्टंट गिझर कसा निवडाल

दुकानात गिझर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचा दाखवू?" साठवणीच्या गिझरसाठी हा प्रश्न बरोबर आहे. इन्स्टंट गिझरसाठी तो दिशाभूल करणारा आहे. १ लिटरचा घ्या किंवा ३ लिटरचा, दोन्हींच्या पोटात बहुतेक वेळा तीच ३ किलोवॉटची कॉइल असते आणि दर मिनिटाला दोन्हींतून सारखंच गरम पाणी निघतं. ३ लिटरवाल्यात आधीच तापून बसलेलं पाणी थोडं जास्त असतं, म्हणून पहिले दोन-तीन तांबे कढत येतात. पुढे दोघेही सारखेच.

म्हणून खोक्यावरचे लिटर बाजूला ठेवा आणि आधी घरातल्या चार गोष्टी मोजा: नळाचं पाणी किती गार असतं, आंघोळीला किती लागतं, वायरिंग किती सोसतं, आणि गॅसचा विचार असेल तर मोकळी हवा कुठे आहे. यात शेवटच्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तिथली चूक जिवावर बेतते.

पायरी १: पाणी मोजा

एक साधा थर्मामीटर लागेल. ताप बघायचा चालणार नाही, कारण तो इतकं खाली दाखवत नाही. स्वयंपाकघरात किंवा मत्स्यपेटीत वापरतात तसला घ्या. हिवाळ्यात सकाळी सहाच्या सुमारास ज्या नळाला गिझर जोडायचा, त्याचं पाणी दोन मिनिटं वाहू द्या आणि मग मोजा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर थंड हवेत असतं, म्हणून दुपारच्या आकड्याला अर्थ नाही. पुण्यात आमच्या नळाचं पाणी जानेवारीत १८ अंश भरलं. मुंबईत, कोकणात, गोव्यात ते बरंच कोमट असतं, २४-२५ च्या आसपास. निफाडसारख्या गावी, जिथे पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली जातो, तिथे टाकीचं पाणी हाताला चटके बसावेत इतकं गार असतं.

आंघोळीला पाणी साधारण ४० अंशांचं लागतं. आपल्या मोजलेल्या आकड्यातून ४० पर्यंत जायला जेवढे अंश चढवायचे, ती तुमची तापमानवाढ. पुण्यात २२, मुंबईत १५.

आता बादली. घरातली नेहमीची बादली किती लिटरची आहे ते तिच्या बुडाशी लिहिलेलं असतं. आमची १८ लिटरची. कोण बादलीने आंघोळ करतं, कोण शॉवरखाली उभं राहतं, सकाळी किती जणांना एकापाठोपाठ जायचं असतं, हे खरोखर कागदावर लिहून काढा. एका माणसाच्या घराला जे यंत्र उत्तम चालतं, तेच सहा माणसांच्या घरात रोज सकाळी भांडणाचं कारण होतं.

पायरी २: एक साधा गुणाकार

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ठरावीक ऊर्जा लागतेच. कोणतीही कंपनी आली तरी त्यात फरक पडत नाही. त्यावरून घरगुती हिशेब असा:

मिनिटाला मिळणारे लिटर = किलोवॉट × १४ ÷ तापमानवाढ

३ किलोवॉटचा विजेचा गिझर पुण्यात: ३ × १४ = ४२, भागिले २२, म्हणजे मिनिटाला १.९ लिटर. १८ लिटरची बादली भरायला साडेनऊ मिनिटं. तोच गिझर मुंबईत मिनिटाला २.८ लिटर देईल आणि बादली साडेसहा मिनिटांत भरेल. ४.५ किलोवॉटचा असेल तर पुण्यातही साडेसहाच्या आत काम होईल.

या आकड्यांकडे नीट बघा. शॉवरला मिनिटाला ६ ते ९ लिटर पाणी लागतं. ३ किलोवॉटच्या गिझरवर हिवाळ्यात शॉवर चालत नाही, हे सूत्रातच दिसतं. नळ पूर्ण सोडला की आधी कढत, मग कोमट, मग जवळजवळ गार पाणी येतं आणि लोक म्हणतात गिझर बिघडला. तो बिघडलेला नसतो, त्याच्या ताकदीबाहेरचं पाणी त्यातून ओढलं जात असतं. धार बारीक ठेवली की तोच गिझर नेमकं आंघोळीजोगं पाणी देतो, विसण घालायचीही गरज पडत नाही.

बादलीवाल्या घरांसाठी आमच्याकडची सोय सांगते. दोन बादल्या ठेवायच्या. एक जण आंघोळ करत असताना दुसरी बादली बारीक धारेखाली भरत राहते. बहुतेकांची आंघोळ दहा मिनिटांची असतेच, त्यामुळे पुढच्याला थांबावं लागत नाही. दिवाळीत पहाटे पाच जणांचं अभ्यंगस्नान आम्ही याच पद्धतीने तासाभरात उरकतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे भिंतीवरचं एकच टँकलेस, म्हणजे टाकी नसलेलं, इन्स्टंट यंत्र सगळ्या घराला पाणी पुरवतं, मग आपल्याकडे का नाही, असं पुष्कळांना वाटतं. तिथली विजेवरची यंत्रं २० किलोवॉटच्या पुढची असतात आणि गॅसवरची मोठी यंत्रं ५८ किलोवॉटपर्यंत जातात. २४ किलोवॉट म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर १०० अँपिअरहून जास्त. आपल्या फ्लॅटचा मीटरच तेवढा नसतो. त्यामुळे परदेशातून असं यंत्र मागवण्याच्या फंदात पडू नका.

पायरी ३: खर्चाचा हिशेब आधीच करा

१८ लिटरची बादली २२ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटपेक्षा किंचित कमी वीज लागते. चार जणांचं घर, रोज चार बादल्या, म्हणजे दिवसाला २ युनिटच्या आत. यापुढे तुमच्या बिलातला वरच्या टप्प्याचा दर लावा, कारण गिझरची युनिटं त्याच टप्प्यात जाऊन पडतात. वहन आकार आणि बाकीचे प्रति युनिट आकारही त्यात मिळवा.

इन्स्टंट घेतला की बिल निम्मं होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाणी तापवायला लागणारी ऊर्जा तेवढीच राहते. साठवणीच्या गिझरमध्ये टाकीत पाणी तासन् तास तापत ठेवल्यामुळे जी उष्णता वाया जाते, आणि आंघोळीनंतर टाकीत उरलेलं गरम पाणी जे निवून जातं, तेवढीच काय ती बचत. ज्या घरात गिझर दिवसभर चालूच राहतो तिथे ती मोठी असेल. जिथे आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं लावून बंद करतात तिथे अगदी थोडी.

गॅसचं गणित वेगळं आहे. तीच बादली तापवायला सुमारे ४२-४५ ग्रॅम एलपीजी जळतो. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरवर सव्वातीनशेच्या आसपास बादल्या. पाइपचा गॅस असेल तर एका घनमीटरमध्ये १८ च्या आसपास. आजच्या सिलिंडरच्या किमतीला ३२५ ने भागा आणि विजेच्या अर्ध्या युनिटशी ताडून बघा. बहुतेक घरांत गॅस स्वस्त पडेल. पण गॅस गिझर आला की घरातले बादलीवरून शॉवरवर जातात, आणि दहा मिनिटांच्या शॉवरला साडेतीन बादल्या पाणी लागतं. तो फरक धरूनच हिशेब करा.

पायरी ४: विजेचा घेणार असाल तर वायरमनला आधी बोलवा

३ किलोवॉटला १३ अँपिअर लागतात. त्यासाठी १६ अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेट, मीटरबोर्डापासून स्वतंत्र आलेली तांब्याची वायर आणि तिचा स्वतःचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) हवा. ४.५ किलोवॉटला जवळपास २० अँपिअर लागतात. हा गिझर १६ अँपिअरच्या प्लगवर चालवायचा नाही. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी आणि प्लगशिवाय थेट जोडणी, असं काम करून घ्यावं लागतं. जुन्या इमारतींत अजून ॲल्युमिनियमची वायर सापडते. तिच्यावर गिझर लावू नका.

अर्थिंग आहे का, एवढं विचारून थांबू नका, वायरमनला ते तपासून दाखवायला सांगा. मीटरबोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर गिझरच्या आधी तो बसवा. कॉइलला भोक पडून पाण्यात करंट उतरला तर हाच तुम्हाला वाचवतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं आणि तो पडतो ना, हे बघायचं.

एकाच वेळी गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर आणि इंडक्शन चालणार असेल तर वीजबिलावरचा मंजूर भार, म्हणजे एकूण किती किलोवॉट वापरायला मुभा आहे, ते बघून घ्या. इन्व्हर्टरवर गिझर टाकायचा नाही.

पायरी ५: गॅसचा घेणार असाल तर आधी हवा बघा

माझी मावशी बाथरूममध्ये बेशुद्ध पडली तेव्हा दार तोडून तिला बाहेर काढलं. सगळ्यांना वाटलं, चक्कर आली, बीपी कमी झालं असेल. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलेला दुसराच प्रश्न होता, "बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का?" होता. दाराच्या वर, आतल्या बाजूला. बसवणाऱ्याने सांगितलं होतं की एक्झॉस्ट फॅन आहे ना, मग काही होत नाही.

मावशी वाचली. प्रत्येक घरात तसं होत नाही. दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात, आणि आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तर बंद बाथरूममधल्या या झटक्यांना आणि बेशुद्धीला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच दिलं आहे.

होतं काय ते समजून घ्या. ६ लिटरच्या, म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी देणाऱ्या, गॅस गिझरची ज्योत साधारण १२ किलोवॉटची असते. तिला दहा मिनिटं जळायला सुमारे २ घनमीटर हवा लागते. दीड मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच बाथरूममध्ये एकूण हवाच साडेचार घनमीटर. दार बंद, खिडकी थंडीमुळे बंद. म्हणजे एका आंघोळीत जवळजवळ निम्म्या हवेतला प्राणवायू ज्योत घेते. मग गॅस अर्धवट जळायला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि दाराची कडी काढायला हवी हे कळत असूनही हात चालत नाही.

म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवायचा नाही. छोटा असला तरी नाही, एक्झॉस्ट फॅन असला तरी नाही. फॅन हवा बाहेर फेकतो, पण दार-खिडकी बंद असताना ताजी हवा आत येणार कुठून? उलट गिझर खिडकीबाहेर असेल तर चालू फॅन त्याचा धूर आत ओढू शकतो.

जागा बघताना हे प्रश्न विचारा. ती जागा वर्षभर उघडी राहणार आहे का? ड्राय बाल्कनी उत्तम, पण पुण्यात अर्ध्याअधिक ड्राय बाल्कन्यांना काचेच्या सरकत्या खिडक्या लावलेल्या असतात. तशी असेल तर एक भाग जाळीचा करून घ्या, जो कोणालाच बंद करता येणार नाही. गिझरचा धूर जिथून निघतो तिथून बाथरूमची, बेडरूमची किंवा शेजाऱ्यांची खिडकी किती जवळ आहे? झडपांच्या खिडकीखालीच गिझर टांगला असेल तर तो बाहेर असूनही धूर आत जातो. अरुंद डक्टमध्ये चार मजल्यांचे गिझर एकत्र धूर सोडत असतील तर तीही जागा नको.

अशी जागा घरात नसेल तर गॅस गिझरचा विचार तिथेच सोडून द्या. शॉवर हवाच असेल तर १५ किंवा २५ लिटरचा साठवणीचा विजेचा गिझर घ्या. टँकलेसची हौस त्या घरासाठी नाही.

जागा चांगली मिळाली, तर मात्र चार-पाच माणसांच्या घराला गॅससारखी सोय नाही. १२ किलोवॉटच्या ज्योतीतले १० पाण्यात उतरतात. पुण्याच्या २२ अंशांना मिनिटाला सव्वासहा-साडेसहा लिटर मिळतात, शॉवर चालतो आणि बादली तीन मिनिटांत भरते. ठिणगी साध्या सेलवर पडते, त्यामुळे भारनियमन असलेल्या गावात सकाळची आंघोळ अडत नाही.

घेताना आपला गॅस कोणता ते दुकानदाराला स्पष्ट सांगा. एलपीजीचा गिझर पाइपच्या गॅसवर तसाच जोडता येत नाही, दोन्हींचा दाब आणि नोझलची भोकं वेगळी असतात. पाण्याशिवाय बर्नर न पेटणं, ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होणं, जास्त तापल्यावर बंद पडणं आणि २० मिनिटांनी आपोआप थांबणं, या चार सोयी आहेत का ते बघा. प्राणवायू कमी झाल्यावर बंद करणारा सेन्सर असेल तर आणखी चांगलं, पण त्याच्या भरवशावर गिझर आत बसवायचा नाही. मुंबई-कोकणात राहत असाल तर उन्हाळा-हिवाळ्यासाठी वेगळी कळ असलेलाच घ्या. तिथलं पाणी मुळात कोमट, त्यामुळे एरवी ज्योत सगळ्यात कमी केली तरी पाणी भाजतं.

पायरी ६: दाब आणि क्षार

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे आधी वाचावं. गॅस गिझर पेटतो तो पाण्याच्या दाबाने. आतला रबरी पडदा दाबाने पुढे सरकतो, तेव्हा गॅसची वाट उघडते. टाकी १० मीटर उंच असेल तर दाब १ बार. शेवटच्या मजल्यावर शॉवर आणि टाकीत जेमतेम दोन-तीन मीटरचं अंतर असतं, तेवढ्यात पुष्कळ गिझर पेटतच नाहीत. खोक्यावर किमान दाब किती लिहिला आहे ते बघा, कमी दाबावर चालणारं मॉडेल मागा किंवा छोटा प्रेशर पंप बसवा.

उंच टॉवरच्या खालच्या मजल्यावर उलट अडचण. छोट्या विजेच्या गिझरांवर बहुधा ६.५ बारची मर्यादा लिहिलेली असते. सोसायटीच्या प्लंबरला तुमच्या मजल्यावरचा दाब विचारा.

बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर चढणारच. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या काठाला पांढरे डाग पडत असतील तर तुमचं पाणी क्षारांचं आहे. अशा घरात साधा, उघडून साफ करता येणारा गिझर घ्या. विकत घेण्याआधी गावातल्या दुरुस्तीवाल्याला विचारा, कोणत्या गिझरची कॉइल आणि थर्मोस्टॅट त्याच्याकडे लगेच मिळतात. कंपनीच्या वॉरंटीइतकंच हे उत्तर महत्त्वाचं.

पायरी ७: खोक्यावर काय बघायचं

विजेच्या इन्स्टंट गिझरवर आयएसआय चिन्हाबरोबर आयएस ८९७८ आणि एलपीजीच्या छोट्या गिझरवर आयएस १५५५८ हे क्रमांक शोधा. वीजबचतीचे तारे शोधत बसू नका. ते साठवणीच्या गिझरना असतात, या यंत्रांना नसतात. पाणी उडणाऱ्या जागेसाठी आयपीएक्स ४ (शिंतोडे सोसणारं यंत्र) असं लिहिलेलं असावं.

पायरी ८: बसवायला आलेला माणूस जायच्या आधी

त्याच्यासमोर बादली लावा आणि घड्याळ बघा. पाण्यात थर्मामीटर बुडवा. ४० अंशांची बादली सूत्रातल्या वेळेपेक्षा फारच उशिरा भरली तर कॉइल, व्होल्टेज किंवा जोडणीत काहीतरी चुकलं आहे, ते तेव्हाच विचारा. विजेचा गिझर अर्धा तास चालवून सॉकेटजवळ हात न्या. प्लास्टिक तापलं असेल तर जोडणी सैल आहे. बटण बाथरूमच्या बाहेर आहे ना, तेही बघा.

गॅसचा असेल तर ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर हवा कमी पडते आहे किंवा बर्नर घाण झाला आहे. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवायचा नाही. पाइप आयएसआय चिन्हाचा 'सुरक्षा' होज असू द्या आणि त्यावर छापलेली मुदत संपली की बदला.

पुढची देखभाल थोडीच आहे. क्षाराचं पाणी असेल तर वर्षातून एकदा कॉइल साफ करून घ्या. गॅस गिझरच्या तांब्याच्या पात्यांवर काजळी धरली की ज्योत पिवळी पडू लागते, ती वर्षाआड झाडून घ्यावी लागते. आणि सेल दसऱ्यालाच नवे घाला, म्हणजे दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावून बसल्यावर गिझर पेटत नाही अशी वेळ येणार नाही.